पंधरा किलोंचा सौदा : पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याच्या कार्बन-कार्बन नॉझलचे परीक्षण

१६ एप्रिल २०२४ रोजी इस्रोने पीएसएलव्ही प्रक्षेपकाच्या चौथ्या टप्प्यासाठी कार्बन-कार्बन या, म्हणजे कार्बनच्या धाग्यांत कार्बनच भरलेल्या, संमिश्र पदार्थाचे नॉझल (इंजिनाचा झोत बाहेर सोडणारे तोंड) तयार केल्याचे जाहीर केले आणि त्याबरोबर दोन आकडे दिले. जुन्या धातूच्या नॉझलपेक्षा नव्याचे वजन सुमारे ६७ टक्क्यांनी कमी भरते आणि त्यामुळे प्रक्षेपकाला १५ किलो जास्त ओझे नेता येते. हे नॉझल तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राने बनवले आहे. माझी सगळी नोकरी निर्वात भट्टीत धातू जोडण्याच्या, म्हणजे व्हॅक्यूम ब्रेझिंगच्या कामात गेल्यामुळे तापलेला धातू आणि ग्राफाइट यांच्याशी माझा रोजचा संबंध होता. त्यामुळे ही बातमी वाचल्यावर मला अभिमान वाटण्याच्या आधी ती भट्टीवर आलेल्या नव्या मालासारखी तपासून पाहावीशी वाटली. या वस्तूचे गिऱ्हाईक आणि कारागीर एकच, म्हणजे इस्रोच, आहेत, मग बाहेरच्याने परीक्षण कशाला, असे कोणी म्हणेल. पण त्या पंधरा किलोंचा लाभ ज्यांच्या उपग्रहांना होणार, ते गिऱ्हाइकच नव्हेत काय?

पंधरा किलो म्हणजे घरगुती सिलिंडरात भरलेल्या गॅसपेक्षा किंचित जास्त वजन. ६०० किलोमीटर उंचीच्या सूर्यस्थिर कक्षेत १,७५० किलो नेणाऱ्या प्रक्षेपकाच्या हिशेबात ही वाढ एक टक्काही भरत नाही. तरीही आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ हा उपग्रह सुमारे १० किलोंचा होता आणि पुण्याच्या सीओईपीचा ‘स्वयम्’ तर जेमतेम एक किलोचा, आणि हे दोन्ही २०१६ साली पीएसएलव्हीनेच वर गेले, हे आठवले की या पंधरा किलोंची किंमत लक्षात येते. शिवाय ही बचत शेवटच्या टप्प्यावर झालेली आहे. पहिल्या टप्प्यातला एक किलो कमी केला तर त्यातला फार थोडा भाग उपग्रहाच्या वाट्याला येतो, कारण तो टप्पा वाटेतच गळून पडतो. चौथा टप्पा मात्र उपग्रहाबरोबर कक्षेपर्यंत जातो, म्हणून तिथे वाचलेला किलो पुराच्या पुरा उपग्रहाला मिळतो. चौथ्या टप्प्यात इंजिने दोन आहेत. दोघांत मिळून १५ किलो वाचत असतील आणि ही बचत ६७ टक्के असेल, तर जुने नॉझल अकरा किलोंच्या आसपास आणि नवे पावणेचार किलोंच्या आसपास असावे, असा सरळ हिशेब निघतो. इस्रोचे दोन्ही आकडे एकमेकांशी जुळतात, ही या परीक्षणातली पहिली समाधानाची बाब.

आता ही वस्तू नेमके करते काय, ते पाहू. इंजिनाच्या ज्वलनकक्षात इंधन जळून अतिशय तप्त आणि दाबाखालचा वायू तयार होतो, पण त्याचे रेणू सर्व दिशांना सैरावैरा धावत असतात आणि त्या गोंधळाचा प्रक्षेपकाला काही उपयोग नसतो. त्या उष्णतेचे एकाच दिशेच्या वेगात रूपांतर करणे, एवढेच नॉझलचे काम असते. वायू आधी निमुळत्या होत जाणाऱ्या भागातून घशापर्यंत, म्हणजे सर्वांत अरुंद जागेपर्यंत, येतो आणि घशात त्याचा वेग तिथल्या ध्वनीच्या वेगाइतका होतो. इथवरचे गणित बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबणाऱ्या कोणालाही पटण्यासारखे आहे. खरी गंमत घशाच्या पुढे आहे. तिथून नॉझल रुंद होत जाते, आणि रोजच्या अनुभवाप्रमाणे वायूचा वेग कमी व्हायला हवा, पण तो उलट वाढत जातो. ध्वनीच्या वेगापलीकडे गेलेला वायू जितका वेग घेतो त्याहून झपाट्याने विरळ होतो. त्याला पसरायला जागा लागते, आणि ती जागा भिंतींनी बेताबेताने दिली तरच तो दाब सोडून वेग घेत राहतो.

हा आकार प्रथम वापरला तो स्वीडनच्या गुस्ताफ दे लाव्हाल यांनी, १८८० च्या दशकात, वाफेच्या टर्बाइनसाठी. दुधातून साय वेगळी काढणाऱ्या फिरत्या यंत्रामुळे ज्यांचे नाव आजही डेअरीवाल्यांच्या तोंडी आहे, तेच हे लाव्हाल. साय आणि अग्निबाण यांचा एवढा जवळचा संबंध असेल, असे मला विद्यार्थिदशेत कोणी सांगितले असते तर मी तो विषय अधिक मन लावून शिकलो असतो. सरळ शंकूच्या आकाराचे नॉझल करायला सोपे असते, पण त्यातून वायू थोडा तिरका बाहेर पडतो आणि १५ अंशांच्या अर्धकोनाच्या शंकूत त्यापायी सुमारे १.७ टक्के रेटा वाया जातो. अमेरिकेत काम करणाऱ्या जी. व्ही. आर. राव यांनी १९५८ मध्ये घंटेसारख्या वक्र आकाराचे गणित मांडले. त्या पद्धतीने शंकूच्या सुमारे ८० टक्के लांबीतच तितका किंवा त्याहून चांगला रेटा मिळतो. आज जवळपास प्रत्येक द्रव इंधनाच्या इंजिनाला दिसणारी घंटा ही या रावांच्या गणिताची देणगी आहे.

बातम्यांत सरसकट ‘नॉझल’ असा शब्द आला असला तरी बदल फक्त घशापुढच्या पसरत्या भागात झाला आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. नॉझलमध्ये सर्वांत जास्त उष्णता भिंतीत शिरते ती घशाजवळ. पसरत्या भागात वायू विरळ आणि थंड होत गेलेला असतो, म्हणून तिथे वेगळा पदार्थ वापरण्याची मुभा मिळते. त्या भागाचा आकारही मोठा असतो, कारण निर्वातात काम करणाऱ्या इंजिनाने वायूला जितके पसरू द्यावे तितका फायदा अधिक, आणि त्यामुळे वजन वाचवण्याला वावही तिथेच अधिक. निंदा म्हणून मी हे लिहीत नाही. योग्य जागी हात घातला आहे, एवढेच म्हणायचे आहे.

जुने नॉझल कोलंबियमच्या मिश्रधातूचे होते. कोलंबियम म्हणजेच नायोबियम. रसायनशास्त्राच्या पुस्तकाने नाव बदलले तरी अग्निबाणाच्या कारागिरांनी जुने नाव सोडलेले नाही. हा धातू जवळजवळ अडीच हजार अंश सेल्सियसला वितळतो, पत्र्यासारखा वळवता येतो आणि वेल्डिंगही घेतो. त्याचा एकच मोठा दुर्गुण म्हणजे तापल्यावर तो ऑक्सिजनला बळी पडतो, म्हणून त्यावर सिलिसाइडचा लेप द्यावा लागतो. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानाच्या मुख्य इंजिनाच्या घंटेतही कोलंबियम होते. म्हणजे नव्याला ज्याची जागा घ्यायची आहे तो माल जुनाट नाही. चांगला मुरलेला आणि विश्वासाचा आहे, आणि परीक्षणाची पट्टी तितकीच कडक ठेवली पाहिजे.

या भागाला थंड ठेवण्यासाठी आत कोणतेही द्रव खेळवलेले नसते. नॉझल तापते, लाल होते आणि आपली उष्णता प्रकाशाच्या व अवरक्त किरणांच्या रूपाने अवकाशात फेकत राहते. महेंद्रगिरीच्या चाचणीत नव्या नॉझलचे तापमान १२१६ केल्विनपर्यंत, म्हणजे सुमारे ९४३ अंश सेल्सियसपर्यंत गेले. लोहाराच्या भट्टीतल्या लोखंडाला लालवरून केशरीकडे झुकणारा रंग येतो, तो साधारण याच तापमानाला. या तापमानाचा काळा पृष्ठभाग दर चौरस मीटरमागे शंभर किलोवॅटहून जास्त उष्णता फेकतो, आणि कार्बन मुळातच काळा असल्यामुळे हे काम तो उत्तम करतो. शिवाय धातू तापला की मऊ पडतो, तर कार्बनचे धागे उलट तापल्यावर आपली ताकद टिकवून असतात आणि फारसे प्रसरणही पावत नाहीत. कागदावर याहून चांगला पदार्थ शोधून सापडणार नाही.

मात्र तो बनवणे हे चिकाटीचे काम आहे. कार्बन धाग्यांच्या विणीत राळ भरून आधी आकार करायचा, मग तो हवेविना तापवून राळेचा कोळसा करायचा. त्यातून वायू निघून गेल्यामुळे पदार्थ सच्छिद्र होतो, म्हणून त्या छिद्रांत तप्त वायूच्या वाटे पुन्हा कार्बन जमवत बसायचे आणि शेवटी अतिउच्च तापमानाचे संस्कार करायचे. घाई केली तर बाहेरची छिद्रे आधी बुजतात आणि आतली पोकळ राहतात. ज्याने भट्टीसमोर रात्रपाळ्या काढल्या आहेत त्याला या कामातला कंटाळा आणि धाक दोन्ही समजतील.

अवगुणाकडे वळायचे तर तो एकच आहे, पण जिवावरचा आहे. कार्बन हा अखेर कोळसाच, आणि हवेत चारपाचशे अंशांपुढे तो जळू लागतो. याचा धडा मी एका कारखान्यात घेतला. आमच्या निर्वात भट्टीत सुटे भाग ठेवण्यासाठी ग्राफाइटच्या जाड पट्ट्यांची बैठक होती. एका रात्री दाराच्या सीलमधून बारीक गळती सुरू झाली आणि भट्टी तापलेली असताना ती कोणाच्या लक्षात आली नाही. सकाळी दार उघडले तेव्हा त्या पट्ट्या जागेवर होत्या, काळ्याभोर आणि वरवर धडधाकट दिसत होत्या. पण कडा उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारख्या झाल्या होत्या आणि एक पट्टी उचलताच अंगठ्याखाली तिचा चुरा झाला. राख पडली नव्हती की धूर झाला नव्हता. हवेने तो माल नुसता खाऊन टाकला होता. तेव्हापासून तापलेल्या कार्बनबद्दल कोणी काही सांगितले की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : लेप कसला आहे?

इस्रोने सिलिकॉन कार्बाइडचा लेप दिला आहे आणि निवड रास्त आहे. तापल्यावर त्याच्यावर सिलिकेची, म्हणजे काचेच्या जातीची, पातळ साय धरते आणि ती ऑक्सिजनला आत जाऊ देत नाही. अवकाशात हवा नसली तरी हा बंदोबस्त लागतोच, कारण इंजिनाच्या झोतातली पाण्याची वाफ आणि कार्बन डायॉक्साइडही तप्त कार्बनला झिजवतात. अडचण अशी की हा लेप आणि खालचा कार्बन सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. निवताना लेप जास्त आक्रसू पाहतो आणि त्यात केसासारख्या चिरा पडतात. पुन्हा तापल्यावर त्या बऱ्याचशा मिटतात, पण मधल्या तापमानाच्या पट्ट्यात त्या उघड्या असतात. म्हणजे अशा नॉझलसाठी सलग जळण्यापेक्षा पेटणे-विझणे अधिक त्रासाचे असते.

चाचण्यांचे मोजमाप याच दृष्टीने करावे लागते. १९ मार्च २०२४ रोजी ६० सेकंदांची आणि २ एप्रिल २०२४ रोजी २०० सेकंदांची चाचणी झाली. दोन्ही तमिळनाडूतील महेंद्रगिरीच्या उच्च-उन्नती चाचणी सुविधेत झाल्या, आणि तिथेच होणे भाग होते. एवढे पसरलेले नॉझल जमिनीवरच्या हवेत पेटवले तर बाहेरचा दाब आतल्या झोताला भिंतीपासून सोडवतो, झोत कधी इकडे तर कधी तिकडे चिकटतो आणि घंटेला आडवे हिसके बसतात. त्यासाठी नॉझलभोवती कृत्रिम विरळ हवा राखावी लागते. दोनशे सेकंदांत तापमान आधी केलेल्या अंदाजाइतकेच भरले, असे इस्रोचे निवेदन सांगते. हा मुद्दा वजनदार आहे. एकदा येणारी आणि फेकली जाणारी उष्णता समसमान झाली की पुढे कितीही वेळ इंजिन चालले तरी तापमान वाढत नाही, म्हणून ताकदीच्या बाबतीत दोनशे सेकंद पुरेसे मानता येतात. झिजेच्या बाबतीत मात्र ते पुरेसे नाहीत. चौथा टप्पा उड्डाणात आठ मिनिटांच्या आसपास जळतो आणि झीज घड्याळाबरोबर वाढत राहते.

शिवाय हा टप्पा हल्ली एकदाच पेटून थांबत नाही. ज्या ‘प्रथम’चा उल्लेख वर आला, तो २६ सप्टेंबर २०१६ च्या पीएसएलव्ही सी-३५ उड्डाणात गेला. त्या दिवशी स्कॅटसॅट-१ हा मुख्य उपग्रह आधी सोडला गेला, मग चौथ्या टप्प्याची इंजिने पुन्हा दोनदा पेटवून कक्षा बदलली गेली आणि ‘प्रथम’ची पाळी येईपर्यंत उड्डाणाला दोन तासांहून जास्त वेळ झाला होता. छोट्या उपग्रहांना लागणारी सेवा नेमकी हीच आहे. म्हणजे पंधरा किलोंचा फायदा ज्यांच्यासाठी सर्वांत मोठा, त्यांच्याच उड्डाणांत या नॉझलला तापणे-निवणे सर्वाधिक वेळा सोसावे लागणार. माझ्या दृष्टीने या वस्तूची खरी परीक्षा तिथे आहे, आणि पूर्ण मुदतीच्या तसेच अनेक वेळा पेटवण्याच्या चाचण्यांचे आकडे पाहिल्याशिवाय मी तिला पाचपैकी साडेतीनच्या वर गुण देणार नाही.

दुसरी तक्रार हाताळणीची. धातूला पोचा आला तर तो दिसतो. कार्बन-कार्बनवर पाना पडला तर वरून काही दिसत नाही आणि आत थर सुटलेले असू शकतात. कोलंबियमच्या सोशिकपणाचे उदाहरण डिसेंबर २०१० मध्ये स्पेसएक्सने दाखवले. उड्डाणाच्या तोंडावर फाल्कन ९ च्या दुसऱ्या टप्प्याच्या नायोबियम घंटेच्या कडेला चीर आढळली, तेव्हा त्यांनी घंटेचा खालचा सुमारे सव्वा मीटर लांबीचा भाग कात्रीने कापून टाकला आणि ८ डिसेंबरला उड्डाण पार पाडले. थोडा रेटा गेला, पण बाकीचा त्या मोहिमेला पुरून उरला. पत्रा कापावा तशी कार्बन-कार्बनची घंटा कापता येणार नाही, कारण कापलेल्या कडेवर लेप उरत नाही.

याउलट नळ्यांच्या नॉझलशी तुलना केली तर नव्या मालाची बाजू वरचढ ठरते. अमेरिकी स्पेस शटलच्या मुख्य इंजिनाची घंटा १,०८० बारीक नळ्या शेजारी शेजारी ब्रेझ करून केलेली असे आणि त्यांतून अतिशीत हायड्रोजन खेळत असे. ब्रेझिंगवाल्याच्या नजरेने ते काम म्हणजे दागिनाच आहे, पण जितक्या नळ्या तितक्या फुटण्याच्या जागा. जुलै १९९९ मध्ये, चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीण घेऊन निघालेल्या कोलंबिया यानाच्या एका इंजिनातून सोन्याचा मुलामा दिलेली एक छोटी पिन सुटली, घंटेवर आदळली आणि तीन नळ्या फोडून गेली. हायड्रोजन गळत राहिला, तरी यान कक्षेत पोहोचले. स्वीडनच्या ट्रॉलहेटन येथील जीकेएन कारखान्याने एरियन ६ च्या व्हल्कन २.१ इंजिनासाठी नळ्या टाळून लेसरने जोडलेल्या दुहेरी पत्र्याची घंटा केली आणि सुमारे हजार भागांचे काम शंभराच्या आसपास भागांवर आणले. आपल्या नॉझलमध्ये तर नळ्याही नाहीत आणि वाहते द्रवही नाही.

कार्बन-कार्बनची घंटा ही जगात पहिलीच, असा समज मात्र करून घेऊ नये. अमेरिकेच्या डेल्टा ४ प्रक्षेपकातील आरएल-१० बी-२ इंजिनाला फ्रान्समध्ये बनलेली, दुर्बिणीसारखी सरकून लांब होणारी कार्बन-कार्बन घंटा होती. तिच्या तोंडाचे क्षेत्रफळ घशाच्या सुमारे २८० पट होते. आपले नॉझल त्या मानाने लहानखुरे आहे, कारण इंजिनाचा रेटाच सात-साडेसात किलोन्यूटन, म्हणजे साडेसातशे किलोंच्या आसपास वजन तोलण्याइतका आहे.

आता कारागिरांबद्दल. आपल्याकडे नॉझल आणि इंजिनाची कामे इस्रो आराखडे करून कारखान्यांकडे सोपवते, आणि त्यांतले काही कारखाने महाराष्ट्राच्या चांगल्याच ओळखीचे आहेत. ज्यांच्या कपाटात तीन पिढ्यांचे दागिने आणि खरेदीखते सांभाळली गेली, त्या गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात इस्रोच्या प्रक्षेपकांची ‘विकास’ नावाची द्रव इंधनाची इंजिने तयार होतात. इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर ऊस गाळण्याच्या यंत्रांसाठी प्रसिद्ध. तिथल्या कारखान्याने इस्रोच्या एलव्हीएम-३ या जड प्रक्षेपकाच्या एस-२०० या ३.२ मीटर व्यासाच्या घन इंधन मोटरची कवचे आणि तिच्या हलत्या नॉझलचे सुटे भाग घडवले आहेत. उसाच्या चरकाचे ओतकाम करणारे हात तिथवर पोहोचले ते एका दिवसात नव्हे. धातू वळवणे, जोडणे आणि तपासणे हे त्यांच्या रोजच्या सवयीचे होते. कार्बन-कार्बनचे तसे नाही. वेल्डर आणि फिटर यांच्या हाती असलेली विद्या इथे अपुरी पडते; विणकर, रसायनतज्ज्ञ आणि भट्टीवाला असे तिघे एका छपराखाली लागतात, आणि तूर्त ते छप्पर अवकाश केंद्राचेच आहे. वर्षाला मोजकीच उड्डाणे होत असतील तर खासगी कारखानदाराने एवढ्या चार घंटांसाठी भट्टी उभारावी का, हा त्याचा प्रश्न मला रास्त वाटतो.

एकाच कक्षेत एकच मोठा उपग्रह सोडायचा असेल तर मी हे नॉझल आजही डोळे मिटून बसवीन. तीन-चारदा पेटवण्याचे उड्डाण असेल तर आधी चाचणीतून उतरलेली घंटा मला भट्टीवाल्याच्या टेबलावर, चांगल्या उजेडात, भिंगाखाली पाहायला हवी आहे, आणि विशेषतः तिची कड.